खुब्याच्या सांध्याची झीज : ओळख, निगा आणि उपचार

गुडघेदुखीची तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. खुब्याच्या सांध्याच्या दुखण्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. याचे एक कारण असे की, वाढत्या वयात होणारी सांध्यांची झीज भारतात खुब्यापेक्षा गुडघ्यात अधिक प्रमाणात आढळते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खुबा झिजू लागला तरी पुष्कळदा दुखते ती जांघ, मांडी किंवा गुडघा. त्यामुळे रोग एका ठिकाणी आणि उपचार दुसऱ्याच ठिकाणी, असा प्रकार वारंवार घडतो. गुडघ्याला लेप लावण्यात आणि कमरेला पट्टा बांधण्यात महिन्यांमागून महिने जातात व तोवर सांधा आखडत जातो.

हा विकार प्राणघातक नाही. परंतु तो माणसाला परावलंबी करतो. शौचास बसणे, बसगाडीची पायरी चढणे, शेताचा बांध ओलांडणे, देवळाच्या सभामंडपात मांडी घालून बसणे, स्वतःच्या पायाची नखे कापणे, अशा साध्या साध्या गोष्टींसाठी दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागते. ही परिस्थिती अनेकांच्या बाबतीत टाळता येण्यासारखी किंवा निदान पुष्कळ लांबणीवर टाकता येण्यासारखी असते. त्यासाठी सांध्याची रचना समजून घेणे, दुखण्याची खूण ओळखणे आणि दुखते म्हणून हालचाल थांबवण्याची चूक न करणे, या तीन गोष्टी आवश्यक आहेत.

सांध्याची रचना आणि झिजेचे स्वरूप

खुब्याचा सांधा हा शरीरातील उखळीचा सांधा होय. कमरेच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाचे चेंडूसारखे गोल टोक तीत बसलेले असते. या रचनेमुळे पाय पुढे, मागे, आत, बाहेर आणि गोलाकार अशा सर्व दिशांना फिरू शकतो. खांद्याचा सांधाही उखळीचाच. पण खुब्याची वाटी अधिक खोल असते, कारण त्याला हालचालीबरोबरच शरीराचा भारही पेलावा लागतो.

हाडाचे गोल टोक आणि वाटी या दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत, चिवट अस्तर असते. सांध्याच्या पिशवीतील वंगणासारख्या द्रवामुळे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवरून सहज सरकतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो तेव्हा तिच्यातील द्रव बाहेर येतो आणि भार निघाला की पुन्हा आत शोषला जातो. तिचे पोषण या देवघेवीवर अवलंबून असते. म्हणूनच बेताची, नियमित हालचाल ही सांध्याची गरज आहे. सक्तीच्या विश्रांतीने कूर्चा सुधारत नाही. उलट तिचे पोषण कमी होते आणि सांध्याला आधार देणारे स्नायूही सुकत जातात.

झिजेच्या विकारात हे अस्तर खडबडीत व पातळ होते. त्याखालील हाड कठीण बनते, कडेला हाडाचे लहान उंचवटे वाढतात आणि सांध्याचे आवरण जाड होऊन आखडते. 'झीज' हा शब्द सोयीचा असला तरी पुरेसा नाही. बैलगाडीच्या आखाप्रमाणे सांधा केवळ वापराने घासला जात नाही. शरीर त्याची डागडुजीही करीत असते. ही डागडुजी अपुरी किंवा वेडीवाकडी झाली म्हणजे विकार बळावतो.

दुखते एकीकडे, कारण दुसरीकडे

बोलीत ज्याला आपण खुबा म्हणतो ते कमरेखालच्या बाजूचे हाताला लागणारे हाड होय. प्रत्यक्ष सांधा त्याच्या आतल्या अंगाला, जांघेच्या मागे खोलवर असतो. त्यामुळे सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते. तेथून ते मांडीच्या पुढच्या भागातून गुडघ्यापर्यंत उतरते. खुबा आणि गुडघा या दोहोंकडे काही समान मज्जातंतूंच्या शाखा जात असल्यामुळे, काही रुग्णांना केवळ गुडघाच दुखत असल्याचा भास होतो. अशा वेळी गुडघ्याचे क्ष-किरण छायाचित्र निर्दोष निघते व रुग्ण गोंधळून जातो.

पुढील लक्षणे खुब्याकडे बोट दाखवतात. चालताना किंवा बराच वेळ उभे राहिल्यावर जांघेत दुखते आणि बसल्यावर बरे वाटते. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला असतो, पण थोड्या हालचालीनंतर, साधारणतः अर्ध्या तासाच्या आत, मोकळा होतो. मांडी घालणे, उकिडवे बसणे, चपलेचा पट्टा लावणे, पायजमा चढवणे हळूहळू अवघड होते. पाय आतल्या बाजूला वळवण्याची क्रिया सर्वांत आधी कमी होते. पुढे पुढे रुग्ण दुखऱ्या पायावर कमी वेळ भार टाकून लंगडत चालतो.

याउलट दुखणे कमरेतून सुरू होऊन पोटरीच्या खाली पावलापर्यंत जात असेल व मुंग्या येत असतील, तर ते मणक्यातील मज्जातंतूंशी संबंधित असण्याची शक्यता अधिक असते. हाडाच्या बाहेरच्या अंगाला, त्या कुशीवर निजल्यावर दुखत असेल, तर तेथील स्नायूबंधांचा विकार असू शकतो. अर्थात अंतिम निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. पंचेचाळिशीपुढील व्यक्तीत वरील लक्षणे स्पष्ट असतील, तर निदान बहुधा विचारपूस व तपासणी यांवरूनच करता येते. क्ष-किरण छायाचित्रातील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते. छायाचित्र पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही.

काही खुणा मात्र तातडीच्या समजाव्यात. ताप येऊन सांधा अचानक दुखू लागणे. पडल्यानंतर पायावर उभेच न राहता येणे. रात्री झोप मोडणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणे. तरुण वयात सकाळचा आखडलेपणा तास-तासभर टिकणे. यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. जंतुसंसर्ग, अस्थिभंग, हाडाचा क्षयरोग किंवा दाहक संधिवात हे वेगळे विकार असून त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

वय हे एकमेव कारण नव्हे

वय, आनुवंशिकता आणि वाढलेले वजन ही या विकाराची परिचित कारणे होत. जड ओझी उचलण्याच्या व्यवसायाचाही त्यात वाटा असतो. ब्रिटन व स्वीडनमधील अभ्यासांत, वर्षानुवर्षे शेतीकाम केलेल्या पुरुषांमध्ये खुब्याची झीज इतरांपेक्षा अधिक आढळली आहे. भाताची रोपे काढणे, नारळाच्या पेंडी वाहणे, खताची पोती उचलणे ही कामे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भारतात खुबा निकामी होण्याचे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. मांडीच्या हाडाच्या गोल टोकाला होणारा रक्तपुरवठा खंडित झाला म्हणजे तेथील हाड मृत होते, कालांतराने खचते आणि सांधा लवकर झिजतो. हा प्रकार वयाच्या तिशी-चाळिशीतही दिसतो. मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग, अतिरिक्त मद्यपान, सिकलसेलसारखे रक्ताचे विकार आणि स्टेरॉइड औषधांचा मोठ्या प्रमाणातील वापर ही त्याची प्रमुख कारणे आहेत. कोविडच्या साथीत स्टेरॉइड औषधांनी अनेकांचे प्राण वाचवले. त्याचबरोबर त्यानंतर काही रुग्णांचे खुबे अशा रीतीने दुखावल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली केली. या विकारात सुरुवातीचे क्ष-किरण छायाचित्र निर्दोष दिसू शकते, एम.आर.आय. तपासणीत तो लवकर उघड होतो. म्हणून तरुण माणसाच्या जांघेतील सततच्या दुखण्याकडे 'लचक भरली असेल' असे म्हणून दुर्लक्ष करू नये.

बालकांचा खुबा आणि शिक्षकांची जागरूकता

प्रौढपणी झिजलेल्या कित्येक खुब्यांच्या विकाराचे मूळ बालपणात असते. काही बालकांत जन्मतः वाटी उथळ असते किंवा हाडाचे टोक वाटीतून निसटलेले असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या ज्या विकारांची तपासणी केली जाते, त्यांत याचा समावेश आहे. तान्ह्या बाळाच्या दोन मांड्यांवरील वळ्या असमान असणे, एक पाय आखूड दिसणे किंवा लंगोट बदलताना एक मांडी बाहेर न वळणे, अशा गोष्टी दिसल्यास मातेने आरोग्य सेविकेला अवश्य सांगाव्यात. पहिल्या काही महिन्यांत साध्या पट्ट्यांच्या साहाय्याने पुष्कळशा बालकांचा दोष दूर होतो. बाळाला दुपट्यात गुंडाळताना त्याचे पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत. ते वाकलेले व मोकळे राहू द्यावेत. मूल थोडे मोठे झाल्यावर पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली जुनी रीत खुब्याच्या वाढीला पोषकच आहे.

शाळकरी वयातील दोन विकार शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहेत. सुमारे ४ ते ८ वर्षांच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा काही काळ मंदावतो आणि मूल लंगडू लागते. १० ते १६ या वयात, विशेषतः वजन अधिक असलेल्या मुलांत, हाडाचे गोल टोक वाढीच्या रेषेवरून सरकू शकते. दोन्ही विकारांत मूल केवळ गुडघा दुखत असल्याचे सांगते. मार लागलेला नसताना एखादे मूल काही दिवस लंगडत असेल, कवायतीला किंवा खेळाला टाळाटाळ करीत असेल, तर ते आळशीपणाचे लक्षण मानू नये. पालकांना बोलावून खुब्याची तपासणी करून घेण्यास सांगावे. सरकलेले टोक वेळीच स्थिर केले, तर त्या मुलाचा पाय आयुष्यभरासाठी वाचू शकतो.

खुब्यावरील भाराचे गणित

माणूस दोन्ही पायांवर उभा असतो तेव्हा भार दोन्ही खुब्यांत वाटला जातो. चालताना मात्र प्रत्येक पावलागणिक काही क्षण सगळे शरीर एकाच पायावर तोललेले असते. त्या वेळी खुबा तराजूच्या मधल्या टेकूप्रमाणे काम करतो. शरीराचे वजन टेकूपासून लांब, आतल्या बाजूला असते आणि ते तोलून धरणारे नितंबाचे स्नायू टेकूच्या जवळ, बाहेरच्या बाजूला असतात. ज्या पारड्याची दांडी आखूड, त्यात वजन अधिक घालावे लागते. त्यामुळे स्नायूंना शरीराच्या वजनाच्या सुमारे दुप्पट जोर लावावा लागतो आणि वजन व स्नायूंचा जोर मिळून खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार पडतो.

याचा अर्थ असा की, ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या खुब्याला प्रत्येक पावलाला १५० ते १८० किलोग्रॅम भार पेलावा लागतो. वजन ५ किलोग्रॅमने कमी झाले तर खुब्यावरील भार सुमारे १२ ते १५ किलोग्रॅमने हलका होतो. ज्यांचे वजन अधिक आहे त्यांनी भाताचे प्रमाण बेताचे ठेवावे, तळण व गोड कमी करावे आणि डाळी, भाज्या, मासळी यांचा आहारात समावेश ठेवावा. कॅल्शियमच्या गोळ्या हाडांच्या ठिसूळपणावर उपयोगी असतात. झिजलेली कूर्चा त्यांनी भरून येत नाही. हे दोन विकार भिन्न आहेत.

काठी कोणत्या हातात धरावी?

पुष्कळ माणसे ज्या बाजूचा पाय दुखतो त्याच बाजूच्या हातात काठी धरतात. हे चुकीचे आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. वर सांगितलेले तराजूचे गणित लक्षात घेतले तर याचे कारण कळते. विरुद्ध बाजूची काठी टेकूपासून पुष्कळ लांब असल्याने तिच्यावर दिलेला थोडासाच रेटा स्नायूंचा मोठा ताण वाचवतो. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली 'काठी फेकून देऊ नका' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या भाषणात आपल्या सहव्यवसायींना याच गोष्टीचे महत्त्व पटवून दिले होते.

काठीची उंची बेताची असावी. चप्पल घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाच्या वळीपर्यंत काठीची मूठ यावी. टोकाला रबरी टोपण असावे व ते झिजल्यावर बदलावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात ही काळजी विशेष महत्त्वाची ठरते. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकावेत. जिना चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा. उतरताना काठी व दुखरा पाय आधी खाली ठेवावेत. पिशवी किंवा कळशी न्यावयाचीच असेल तर ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरावी. विरुद्ध हातातील ओझ्याने खुब्यावरील भार अधिक वाढतो.

काठी म्हणजे म्हातारपणाची कबुली, असे मानून अनेक जण, विशेषतः स्त्रिया, ती वापरण्यास संकोचतात. हा संकोच सोडावा. काठीमुळे ज्याचे चालणे सुरू राहते त्याचे स्नायू शाबूत राहतात. संकोचाने जो घरात बसतो तो लवकर परावलंबी होतो.

हालचाल हा उपचाराचा पाया

खुब्याच्या झिजेवरील उपचारात व्यायामाला पहिले स्थान आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शनात २०२२ साली हेच सांगण्यात आले असून, झिजेच्या सर्व रुग्णांना त्यांच्या गरजेप्रमाणे व्यायाम शिकवावा, अशी शिफारस आहे. पुढील व्यायाम घरच्या घरी करता येतात. शक्य असल्यास ते एकदा भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावेत.

१. पलंगावर उताणे निजून दुखऱ्या पायाची टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा हळूहळू पोटाकडे आणावा व पुन्हा सरळ करावा.

२. उताणे निजून दोन्ही गुडघे वाकवावेत, पावले टेकवावीत आणि कंबर व नितंब सावकाश उचलून पाच अंक मोजेपर्यंत तसेच धरावेत.

३. चांगल्या बाजूच्या कुशीवर निजून वरचा, म्हणजे दुखरा, पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलावा. हे न जमल्यास भक्कम टेबलाचा आधार घेऊन उभे राहावे व पाय बाजूला न्यावा. चालताना शरीर तोलून धरणाऱ्या स्नायूंना यामुळे बळ येते.

४. न हलणाऱ्या उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. प्रारंभी हाताचा आधार घेण्यास हरकत नाही.

प्रत्येक व्यायाम पाच वेळांपासून सुरू करून हळूहळू दहा-पंधरा वेळांपर्यंत वाढवावा. सपाट रस्त्यावर रोज चालावे. एका दमात अर्धा तास चालणे जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीन वेळा चालावे. सायकल चालवणे व पोहणे हे प्रकारही खुब्याला मानवतात. व्यायाम करताना थोडे दुखणे म्हणजे सांध्याचे नुकसान नव्हे. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झाले तर प्रमाण योग्य समजावे; तसे न झाल्यास प्रमाण कमी करावे, पण व्यायाम सोडू नये. गुण येण्यास दोन ते तीन महिने लागतात. आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून निराश होणे योग्य नाही.

घरातील लहान सोयी

खुबा जितका अधिक दुमडतो तितका दुखऱ्या सांध्यावर ताण येतो. म्हणून खुर्ची व पलंग असे असावेत की, बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा किंचित उंच राहील. पाटावर बसून जेवणे, विळीवर बसून नारळ खोवणे किंवा मासळी कापणे ही कामे टेबलावर किंवा ओट्यावर करण्याची व्यवस्था करावी. शौचासाठी बैठकीचे भांडे किंवा मधोमध भोक असलेली खुर्ची वापरावी आणि भिंतीला पकडण्यासाठी भक्कम दांडी बसवून घ्यावी. कुशीवर निजताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. शेतातील काम एका दमात न करता मध्ये मध्ये थांबून करावे. पूजा, नमाज किंवा प्रार्थना खुर्चीवर बसून केल्याने तिची योग्यता कमी होत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना प्रेमाने पटवून द्यावे.

औषधे आणि अनोळखी पुड्या

झिजलेला सांधा पूर्ववत करणारे औषध आजमितीस उपलब्ध नाही. वेदनाशामक गोळ्या दुखणे कमी करून हालचाल व व्यायाम करणे सुलभ करतात, एवढाच त्यांचा उपयोग. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत आणि थोडे दिवस घ्याव्यात. दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होणे, रक्तदाब वाढणे व मूत्रपिंडांना इजा होणे संभवते. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर त्या परस्पर दुकानातून घेऊच नयेत. खुब्याचा सांधा खोलवर असल्यामुळे मलमांचा व तेलाचा परिणाम प्रत्यक्ष सांध्यापर्यंत पोहोचत नाही. शेकाने व हलक्या मालिशीने स्नायू सैल होतात आणि बरे वाटते. त्याला हरकत नाही. आखडलेला सांधा जोर लावून ओढून किंवा पिरगाळून घेणे मात्र धोक्याचे आहे.

आठवडी बाजारात किंवा घरोघर फिरून विकल्या जाणाऱ्या, वरती नाव वा घटक न छापलेल्या पुड्या व गोळ्या हा वेगळा व गंभीर विषय आहे. त्या घेतल्यावर दोन दिवसांतच दुखणे पळाल्यासारखे वाटते. अशा काही औषधांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासणीत आढळले आहे. चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे त्याचे परिणाम. त्याहून दुर्दैवी गोष्ट अशी की, खुब्याचा रक्तपुरवठा खंडित करणाऱ्या कारणांत स्टेरॉइडचे स्थान वर आहे. गुडघ्याच्या दुखण्यासाठी घेतलेल्या पुडीने खुबा कायमचा निकामी होऊ शकतो. जे अशा पुड्या बरेच दिवस घेत आहेत त्यांनी त्या एकदम बंद करू नयेत, कारण त्यामुळेही प्रकृतीस धोका संभवतो. पुडी बरोबर घेऊन आरोग्य केंद्रात जावे आणि डॉक्टरांना सर्व हकिकत मोकळेपणाने सांगावी.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया

व्यायाम, वजन, काठी व औषधे यांचा प्रामाणिक अवलंब करूनही झोप मोडत असेल आणि रोजचे व्यवहार अशक्य होत असतील, तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. आजच्या स्वरूपातील या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयातील शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी घातला. त्यांनी प्रथम वापरलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या काही वर्षांतच झिजल्या आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. हार न मानता त्यांनी १९६२ साली अधिक टिकाऊ अशा पॉलिएथिलीनची वाटी व धातूचा लहान चेंडू वापरला आणि ही पद्धत यशस्वी ठरली. २००७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या शस्त्रक्रियेचा 'शतकातील शस्त्रक्रिया' म्हणून गौरव करण्यात आला.

या शस्त्रक्रियेत हाडाचे खराब झालेले टोक काढून त्याजागी धातूचा दांडा व धातूचा किंवा सिरॅमिकचा चेंडू बसवतात आणि वाटीला नवे अस्तर देतात. बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधाराने उभे केले जाते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील नोंदींच्या अभ्यासानुसार, बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. म्हणजेच साठीतील रुग्णाला एक शस्त्रक्रिया पुष्कळदा जन्मभर पुरते. चाळिशीतील रुग्णाला मात्र दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवावी लागते. जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, नवा सांधा निखळणे, पायांच्या लांबीत फरक पडणे हे संभाव्य धोके होत. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर आटोक्यात आणणे, धूम्रपान सोडणे, दात व त्वचेवरील संसर्गावर उपचार करून घेणे यांमुळे धोका कमी होतो. नंतर किती वाकावे, मांडी घालावी की नाही, याविषयी शल्यविशारदाने दिलेल्या सूचना पाळाव्यात.

शस्त्रक्रियेच्या वेळेबाबत दोन टोकाच्या समजुती आढळतात. काहींना छायाचित्रातील झीज पाहून लगेच शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटते. काही जण भीतीने वर्षानुवर्षे टाळाटाळ करतात. पहिल्या प्रकारात अनावश्यक शस्त्रक्रिया होते. दुसऱ्या प्रकारात सांधा इतका आखडतो आणि स्नायू इतके सुकतात की, शस्त्रक्रिया उत्तम होऊनही चालणे पूर्ववत होण्यास विलंब लागतो. निर्णय छायाचित्रावरून न घेता रुग्णाच्या दैनंदिन अडचणींवरून घ्यावा.

गाव आणि कार्यालय यांचे कर्तव्य

दुखण्याची पहिली तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. आवश्यकतेप्रमाणे तेथून जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जाते. खर्चाच्या भीतीने उपचार थांबवण्यापूर्वी शासकीय योजनांची चौकशी अवश्य करावी. गोवा राज्यात २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली. केंद्र शासनाच्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, समाविष्ट करण्यात आले असून, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तीत तरतूद आहे. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेखाली होते, याची विचारणा दाखल होण्यापूर्वीच तेथील योजना कक्षात करावी.

चालण्याची क्षमता कायमची उणावलेल्या व्यक्तींना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू होऊ शकतो. वैद्यकीय मंडळाने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित केल्यास त्या अधिनियमातील आरक्षणादी विशेष तरतुदींचा लाभ मिळतो. परंतु प्रमाणपत्राची वाट न पाहताही पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. पंचायत कार्यालयाच्या पायऱ्यांना कठडा बसवणे, दाखल्यासाठी आलेल्या वृद्धाला बसण्यास उंच खुर्ची देणे, शाळेत व सभागृहात निदान एक बैठकीचे शौचालय ठेवणे, लंगडणाऱ्या नागरिकाचे काम तळमजल्यावरच उरकून देणे, यांसाठी मोठ्या निधीची गरज नाही.

खुब्याची झीज पूर्णपणे मागे फिरवता येत नाही, हे खरे. तथापि झीज असूनही चालते-फिरते, स्वावलंबी जीवन जगता येते, हेही तितकेच खरे आहे. जांघेतील दुखणे किंवा कारण न सापडणारी गुडघेदुखी असेल तर खुबा तपासून घ्यावा. अनोळखी पुडीला हात लावू नये. काठी विरुद्ध हातात धरावी आणि रोज चालावे. घरात, शाळेत व कार्यालयात एवढी माहिती पोहोचली, तरी अनेक वृद्धांचे अंथरूण धरणे आणि अनेक मुलांचे आयुष्यभराचे लंगडणे टळू शकेल.